काळ्या पाषाणाचं दुसरं टोक

निरवांगीला विहीर खणायला घेतली की जमीन ठरलेल्या क्रमानं उलगडत जाते. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेली पांढुरकी माती, मग मुरूम, मग टिकावाला थोडीफार दाद देणारा मांजऱ्या, आणि शेवटी काळा पाषाण. इथं टिकाव थांबतो आणि सुरुंगाचं काम सुरू होतं. इंदापूर तालुक्याच्या दक्षिण कडेला, नीरेच्या काठावर, नदीपलीकडे माळशिरस तालुका लागतो अशा या गावात पाषाण लागला म्हणजे खर्च वाढला, एवढाच त्याचा अर्थ. पण या दगडाला एक दुसरं टोकही आहे. इथून सुमारे चारशे किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली, याच पाषाणाच्या उंचवट्यांवर आणि खळग्यांवर भारतातलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र वसलेलं आहे. त्याचं नाव मुंबई हाय. निरवांगीच्या विहिरीतला सुरुंग आणि समुद्रातलं ड्रिलिंग ही एकाच घटनेच्या दोन कडांवर चालणारी कामं आहेत, हे एकदा लक्षात आलं की शेताच्या बांधावर उभं राहून समुद्राचा विचार केल्याशिवाय राहवत नाही.

ती घटना सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा वर येऊन पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्र घेतलं, तेव्हा हे थर सुमारे ९३० मीटर जाडीचे निघाले आणि त्यांच्याखाली ग्रॅनाइटचा पुरातन खडक लागला. पूर्वेला किल्लारीजवळ हीच जाडी सुमारे ३४० मीटरवर आली. म्हणजे आपण ज्याला जमिनीचा तळ समजतो, तो खरं तर वरून ओतलेला थर आहे.

लाव्हा निवतो न निवतो तोच दुसरी उलथापालथ झाली. त्या काळी भारताचा भूखंड दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे सरकत होता आणि सेशेल्सची बेटं त्याला चिकटलेली होती. मग या दोघांमध्ये फट पडली. सेशेल्स मागे राहिलं, भारत पुढे आला आणि मधल्या फटीत अरबी समुद्र रुंदावत गेला. फटीलगतचा भूभाग तुकड्यातुकड्यांनी खचून समुद्राखाली गेला, आणि खचला नाही तो काठ सह्याद्री होऊन उभा राहिला. सगळ्या पठाराचा उतार पूर्वेकडे झाला. म्हणून भोरच्या डोंगरात, समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही नीरा त्या समुद्राकडे पाठ फिरवते, निरवांगीवरून पुढे जाते, नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागरात पोचते. नीरेचं पूर्वेला वाहणं आणि मुंबईसमोरच्या समुद्रात तेल सापडणं या दोन्हींच्या मुळाशी तीच एक फाटाफूट आहे.

इथं थोडं पूर्वेकडे वळायचा मोह आवरत नाही. नीरेनं वाहून नेलेली आपली माती वाया गेलेली नाही. कृष्णा आणि गोदावरी या नद्यांनी लाखो वर्षं आणलेली वाळू-माती आंध्रच्या किनाऱ्यासमोर खोल पाण्यात साठत गेली, आणि त्या वाळूच्या थरांतही तेल आणि वायू निघाला. २००९ मध्ये तिथून वायू यायला लागला. तिथल्याच खोल पाण्यातल्या, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या आणखी एका क्षेत्रातून पहिलं तेल जानेवारी २०२४ मध्ये आलं. दख्खनच्या पठारानं पश्चिमेच्या समुद्राला दगड दिला आणि पूर्वेच्या समुद्राला माती. दोन्हीकडे तेल निघालं.

आता पुन्हा पश्चिमेकडे. खचलेला तो भूभाग सपाट नव्हता. त्यात टेकाडं होती, खोल खळगे होते. समुद्र हळूहळू आत शिरत होता, किनाऱ्यालगत दलदली होत्या, दलदलीत झाडझाडोरा वाढत होता, मरत होता आणि चिखलात गाडला जात होता. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या चिखलाच्या आणि कोळशाच्या थरांना भूगर्भशास्त्रज्ञ ‘पन्ना’ थर म्हणतात. खळगे खचत राहिले, वर नवा गाळ चढत राहिला, आणि पन्ना थर खोल खोल गेला. जमिनीच्या पोटात खाली जावं तशी उष्णता वाढते. उकळत्या पाण्याच्या आसपासच्या उष्णतेत लाखो वर्षं काढली की त्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे आणि सूक्ष्म जीवांचे लांबलचक रेणू तुटतात आणि त्यांचं तेल होतं. उष्णता आणखी वाढली की वायू होतो.

तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते दगडातल्या बारीक वाटांनी वर सरकू लागतं. बहुतेक ठिकाणी ते सरकत सरकत पृष्ठभागापर्यंत येतं आणि विरून जातं. इथं मात्र त्याच्या वाटेत खळग्यांशेजारचं ते बुडालेलं टेकाड आलं. त्याच्या गाभ्यात कुठे आपला काळा पाषाण आहे, कुठे त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी या टेकाडावर उबदार, उथळ समुद्र होता. त्यात चुन्याचं कवच असलेले कोट्यवधी सूक्ष्म जीव जगत आणि मरत होते. त्यांच्या कवचांचा चुनखडक झाला. मधूनमधून चिखलाचा लोंढा येई, मग त्याचा एक पातळ थर बसे, पुन्हा चुनखडक, पुन्हा चिखल. चुनखडकात तेल शिरलं आणि वरच्या चिकण थरानं झाकण घातलं. मुंबई हायचं मुख्य तेल समुद्रसपाटीखाली साधारण १,३०० ते १,४०० मीटरवर, अशा चुनखडकात आहे. तेलवाले त्याला ‘एल-थ्री’ म्हणतात.

पुष्कळ जणांच्या मनात तेलविहिरीचं चित्र असतं ते जमिनीखालच्या तळ्याचं किंवा वाहत्या नदीचं. तसं काही नसतं. माठात पाणी भरलं की ते त्याच्या भिंतीत मुरतं. भिंत तर टणकच असते, पण तिच्या अंगात सूक्ष्म छिद्रं असतात. एल-थ्रीचा चुनखडक त्या भिंतीसारखा आहे. तेल दगडाच्या अंगात आहे आणि ते दगडातूनच बाहेर काढायचं आहे.

हे सगळं समुद्राच्या आणि दीड किलोमीटर दगडाच्या खाली असताना कळलं कसं? आवाजानं. पाण्यात मोठ्या आवाजाचा धक्का द्यायचा. तो तळातून खाली उतरतो, दगडाचा प्रत्येक थर त्यातला थोडा थोडा परत पाठवतो, आणि जहाजामागे ओढत नेलेली यंत्रं ते प्रतिध्वनी टिपतात. कोणता प्रतिध्वनी किती क्षणांनी आला यावरून थरांचा नकाशा तयार होतो. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ओएनजीसीकडे तेव्हा समुद्रातल्या कामाचा अनुभव नव्हता. साठच्या दशकाच्या मध्यावर ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजानं खंबायतच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात असं सर्वेक्षण केलं. त्या प्रतिध्वनींत एक प्रचंड घुमट दिसला. मुंबईच्या वायव्येला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ ते ८० मीटर पाण्याखाली.

दिसला, पण तिथं भोक पाडायचं कशानं? खंबायतच्या आखातात अलियाबेटला १९७० मध्ये देशातली समुद्रातली पहिली विहीर घेतली गेली, ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात. मुंबई हायसाठी भर समुद्रात उभी राहणारी रिग हवी होती. ती जपानमध्ये मित्सुबिशीनं बांधली, तिचं नाव ठेवलं ‘सागर सम्राट’. त्याच सुमाराला, ऑक्टोबर १९७३ मध्ये, पश्चिम आशियातलं युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेलाची किंमत पिंपामागे साधारण तीन डॉलरवरून अकरा-बारा डॉलरच्या घरात गेली. देशाला लागणाऱ्या तेलाचा मोठा हिस्सा बाहेरून येत होता. अशा वेळी, १९७४ च्या सुरुवातीला, सागर सम्राट मुंबईसमोर उभी राहिली आणि फेब्रुवारीत तेल लागलं. पहिल्याच विहिरीत लागलं! तेलशोधात कोरड्या विहिरी निघणं हा नेम असतो, म्हणून त्या घुमटाच्या नकाशावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं.

ही रिग तुम्ही पाहिलेली आहे. लग्नाच्या अहेरात शंभराच्या नोटेला जोडून एक रुपयाची करकरीत नोट घालतात ना, तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभी असलेली जी आकृती आहे, ती सागर सम्राट. या जातीच्या रिगला पाय असतात, उंच जाळीदार मनोऱ्यांसारखे. प्रवासात पाय वर उचललेले असतात आणि रिगचं धड जहाजासारखं तरंगतं. जागेवर पोचली की पाय खाली सोडतात, ते तळावर टेकतात, आणि मग दात्यांच्या चाकांवर सगळं धड पाण्याच्या वर चढत जातं. हजारो टनांचा पसारा लाटांच्या वर कोरडा उभा राहतो आणि पावसाळ्यातला समुद्र त्याच्या खालून निघून जातो. पुढे तीच रिग रूप बदलून तेल काढणारं फिरतं केंद्र झाली आणि पहिल्या विहिरीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी पुन्हा त्याच समुद्रात कामाला लागली.

ड्रिलिंगमधली सगळ्यात सुंदर युक्ती चिखलाची आहे. पोकळ पोलादी नळ्यांच्या टोकाला दातेरी बिट लावून ती फिरवतात, आणि नळीच्या पोकळीतून मुद्दाम बनवलेला जड चिखल खाली सोडतात. तो बिटमधून बाहेर पडतो आणि नळीच्या बाहेरच्या जागेतून पुन्हा वर येतो. बिटाला तो थंड ठेवतो आणि फोडलेल्या दगडाचा चुरा वर आणतो. शिवाय आपल्या वजनानं तो खालचं तेल आणि वायू दाबून धरतो. तो हलका पडला तर विहीर उफाळते. जास्त जड झाला तर दगड फुटून चिखलच आत शिरतो. वर येणारा चुरा भूगर्भशास्त्रज्ञ भिंगाखाली बघत बसलेला असतो, कारण खाली काय चाललंय ते सांगणारा पहिला साक्षीदार तोच. ठरलेली खोली गाठली की पोलादी नळकांडं घालून भोवती सिमेंट भरतात, आणि तेलाच्या थरासमोर छोटे स्फोट करून त्या नळकांड्याला भोकं पाडतात. एका प्लॅटफॉर्मवरून एकच सरळ विहीर घेतात असंही नाही. अनेक विहिरी वेगवेगळ्या दिशांना तिरक्या वळवत नेतात, काही तर दगडाच्या थरात आडव्या धावतात.

मुंबई हायमधून २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. शोध लागल्यापासून सव्वादोन वर्षांत! आधी टँकरनं आणि पुढे समुद्रतळावर टाकलेल्या सुमारे दोनशे किलोमीटरच्या वाहिन्यांनी तेल आणि वायू उरणला येऊ लागला. आजूबाजूला आणखी क्षेत्रं सापडली, त्यांना रत्नांची नावं मिळाली: हीरा, पन्ना, मुक्ता, नीलम, रत्ना. वसईसमोर वायूचं मोठं क्षेत्र सापडलं. आज त्या समुद्रात एक विखुरलेली वस्तीच आहे. काही प्लॅटफॉर्मवर नुसत्या विहिरींची तोंडं, माणूस नाही. काहींवर तेल, वायू आणि पाणी वेगळं करणारी यंत्रं. काहींवर राहायच्या खोल्या, स्वयंपाकघर, दवाखाना. कामाची पाळी चौदा दिवसांची, मग चौदा दिवस घरी. जुहूच्या तळावरून हेलिकॉप्टर उडतात. अन्नपाणी आणि सामान न्हावा बंदरातून बोटींनी जातं.

हे काम जिवावरचं आहे आणि ते विसरून या तेलाबद्दल बोलणं मला बरोबर वाटत नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयानं मुंबई बुडाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला होता आणि हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका जखमी आचाऱ्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर नेताना जहाज लाटांनी ‘मुंबई हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मवर आपटलं. वायू वर आणणारी नळी फुटली, आग भडकली आणि दोन तासांच्या आत तो अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. ३८४ पैकी ३६२ माणसं वाचली, २२ गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावर २६१ जण होते. त्यातले सत्तरहून अधिक जण परत आले नाहीत. वादळाचा इशारा आधीच मिळालेला होता. अशा वेळी माणसं समुद्रातून परत आणण्याचा निर्णय कुणी, कधी घ्यायचा, याची शिस्त ड्रिलिंगच्या शिस्तीइतकीच काटेकोर हवी.

त्याच समुद्रावर कोळ्यांचंही पोट आहे. प्लॅटफॉर्मच्या भोवती पाचशे मीटरच्या आत मासेमारीला बंदी असते, आणि मासळी तर त्याच खांबांच्या आडोशाला गोळा होते. सातपाटी-पालघरकडचे मच्छीमार सर्वेक्षणाच्या दिवसांत जाळी काढून ठेवावी लागण्याची तक्रार करत आले आहेत. ती तक्रार ऐकण्यासारखी आहे, कारण तो समुद्र तेलाच्या आधीपासून त्यांचा आहे.

१९८९ च्या सुमाराला मुंबई हायनं कळस गाठला. दिवसाला चार लाख पिंपांहून जास्त तेल निघत होतं. पुढे ते उतरत गेलं आणि आता दीड लाखांच्याही खाली आहे. तेल काढत गेलं की दगडातला दाब घटतो, म्हणून कडेच्या विहिरींतून समुद्राचंच पाणी शुद्ध करून आत ढकलतात; ते तेलाला पुढे रेटतं. काही विहिरींत वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करतात, म्हणजे ते वर चढतं. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीनं उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घ्यायचं ठरवलं. इतकं करूनही दगडात मुळात असलेल्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल अजून तिथंच, त्या सूक्ष्म छिद्रांत अडकून आहे.

जे बाहेर आलं ते कुठे गेलं? तेल माहुल-तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत गेलं. वायूची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि ती थेट निरवांगीच्या उसात येऊन पोचते. उरणला वायूचे घटक वेगळे होतात. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरमध्ये जातो. इथेन आणि प्रोपेन नागोठण्याला जातात, तिथं त्यांचं पॉलिथिन बनतं. ठिबकच्या काळ्या नळ्या अशाच पॉलिथिनच्या असतात. आणि मिथेन अलिबागजवळ थळला, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात. ऐंशीच्या दशकात हा कारखाना उभा राहिला तोच मुंबई हायच्या वायूच्या भरवशावर. आता त्यात परदेशातून आणलेला वायूही मिसळतो.

थळला जे घडतं ते मला या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. मिथेनमध्ये एक कार्बन आणि चार हायड्रोजन. त्यावर वाफेचा मारा केला की हायड्रोजन सुटा होतो आणि कार्बनचा कार्बन डायॉक्साइड होतो. हायड्रोजनची हवेतल्या नायट्रोजनशी प्रचंड दाबाखाली गाठ घालून अमोनिया तयार करतात. मग तो बाजूला काढलेला कार्बन डायॉक्साइड परत आणून अमोनियाला जोडतात आणि युरिया होतो. म्हणजे समुद्राखालच्या वायूतला हायड्रोजनच नव्हे, त्यातला कार्बनसुद्धा त्या पांढऱ्या दाण्यात बसलेला असतो. या कारखान्याचा युरिया ‘उज्ज्वला’ या नावानं शेतकऱ्यांच्या ओळखीचा. २०२२ नंतर सगळ्या कंपन्यांच्या गोण्यांवर ‘भारत युरिया’ आलं. ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं, हे शेतकऱ्याला पाठ असतं. त्याच गोणीत ९ किलो कार्बनही असतो, तो कुणी मोजत नाही, कारण पिकाला तो हवेतून फुकट मिळतो.

उसाच्या सरीत युरिया पडला, पाणी दिलं, की मातीतले जिवाणू तो काही दिवसांत फोडतात. नत्र मुळांकडे जातं. कार्बन पुन्हा कार्बन डायॉक्साइड होतो. थोडा मातीच्या ओलाव्यात विरघळतो, बाकीचा उसाच्या पानांमधल्या हवेत वर येतो. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी, काळा पाषाण निवल्यावर आणि समुद्र नुकता आत शिरू लागल्यावर, किनाऱ्यावरच्या दलदलीत एखाद्या झाडानं हवेतून घेतलेला हा कार्बन. पन्ना थरात गाडला गेला, वायू झाला, चुनखडकात अडकला, उरणला आला, थळला युरिया झाला आणि निरवांगीच्या शेतात सुटा झाला. त्यातला काही भाग वारा घेऊन जातो, आणि काही त्याच दुपारी तिथल्याच उसाचं पान आत ओढून घेतं आणि त्याची साखर बनवतं.